अमेरिकन फुटबॉल शोधायला गिरगावात

अकोल्याहून माणसं मुंबईला जातात ती मोठ्या डॉक्टरला दाखवायला, लग्नाच्या खरेदीला, नाहीतर कुणाला तरी विमानात बसवून द्यायला. मी गेले ती अमेरिकन फुटबॉल शोधायला. निघताना शेजारच्या देशमुखकाकूंना हे खरं खरं सांगितलं, तर त्या म्हणाल्या, "काऊन वो मॅडम, अमेरिकेत भेटला नाही का तो?" त्यांचा प्रश्न अगदी बरोबर होता. तो अमेरिकेत मिळत नव्हता, म्हणूनच मी मुंबईला चालले होते.

मी शाळेत खेळाची शिक्षिका होते. सगळा जन्म खो-खोच्या पोरींमागे शिट्टी फुंकण्यात गेला. निवृत्त झाल्यावर मुलीच्या बाळंतपणासाठी सहा महिने ओहायोला राहिले. तिथल्या शेजारच्या म्हाताऱ्या गृहस्थांनी मला त्यांचा फुटबॉल दाखवला. पहिल्या दिवशी ती नुसती मारामारी वाटली. चौथ्या दिवशी लक्षात आलं, की चेंडू घेऊन पळणारा एकच असतो आणि त्याला वाट करून देणारे पाच धिप्पाड गडी त्याच्यापुढे भिंतीसारखे उभे असतात. त्या पाचांना अख्ख्या सामन्यात चेंडू घेऊन पळायला मिळत नाही. मला ते पाच जण फार आवडले.

ते गृहस्थ जुन्या व्यावसायिक संघांचा इतिहास गोळा करणाऱ्या एका छोट्या गटात होते. बंद पडलेले संघ, हरवलेले सामने, विसरलेले खेळाडू. जुनी वर्तमानपत्रं चाळायची, म्हाताऱ्या खेळाडूंना फोन करायचे आणि प्रत्येक संघाची नावांची यादी पुरी करायची, हे त्यांचं काम. त्यात मीही शिरले आणि अकोल्याला परत आल्यावरही घरबसल्या ते काम करत राहिले.

या यादीचा नियम कडक आहे. नुसत्या शब्दावर कुणाचंही नाव चढत नाही. त्यामुळे ओटिस नावाचे एक गृहस्थ बाहेर राहिले होते. वय शहाऐंशी. तरुणपणी आपण ओहायो नदीकाठच्या एका पोलादाच्या गावातल्या संघात होतो, तिसऱ्याच सामन्यात जखमी झालो, असं ते सांगत. तो संघ जेमतेम तीन हंगाम चालून बंद पडला. कागद जळाले, छापील यादीत ओटिस नाहीत. त्यांच्या मुलीने आमच्या गटाला लिहिलं होतं, "बाबा खोटं बोलत नाहीत. पण नातवंडं आता त्यांच्या गोष्टीला हसतात. त्यांची तब्येतही बरी नाही."

मग आमच्यातल्या एकाला त्या गावच्या जुन्या वर्तमानपत्रात चार ओळी सापडल्या. सामन्याच्या दिवशी हॉस्पिटलकडून खेळाडूंच्या बाकावर एक तरुण डॉक्टर बसतो, मुंबईच्या गिरगावचा, नाव विजयकर, आणि त्याच्या हातात सतत छोटा सिनेमा कॅमेरा असतो, असं त्यात होतं.

गटात भारतात राहणारी मी एकटी. आमच्या अकोल्याचे एक डॉक्टर मुंबईत शिकलेले. त्यांच्या ओळखीच्या ओळखीने महिनाभरात पत्ता लागला. डॉक्टर विजयकर वारले होते. त्यांच्या पत्नी नलिनीताई अजून त्यांच्या गिरगावातल्या घरात राहत होत्या.

प्रभादेवी, मंगळवार

उतरले मावसबहिणीकडे, प्रभादेवीला. मंगळवार असल्याने सिद्धिविनायकाच्या रांगा गल्लीच्या तोंडापर्यंत आलेल्या. कुंदाने दार उघडलं तेव्हा तिच्या एका हातात मोबाइल आणि दुसऱ्या हातात झारा होता.

"आलीस? बस, पाणी घे. पहिलं सांग, हे फुटबॉलचं काय खूळ आहे? आईशप्पथ, मी ऑफिसात सांगितलं तर सगळे म्हणाले, तुझी बहीण वर्ल्डकपला चालली का?"

मी तिला सगळं सांगितलं. कुंदाचं एक बरं आहे, आधी हसते आणि मग कामाला लागते. म्हणाली, "फिल्म मिळाली तर पुढे काय करणार? ती दाखवायला मशीन कुठाय तुझ्याकडे?"

हा विचार मी केलाच नव्हता.

"लालबागला परब म्हणून आहेत. आमच्या ऑफिसातल्या एकाच्या आईवडलांच्या लग्नाची फिल्म त्यांनीच वाचवली. नंबर देते. पण जायच्या आधी फोन कर हां. आणि त्या गिरगावच्या बाईंनाही कर. इथे अकोल्यासारखं 'सहज आलो' म्हणून दारात उभं नाही राहायचं."

आमच्याकडे फोन करून आलं तर माणूस घाबरतो, कुणाचं काही बरंवाईट झालं की काय म्हणून. मी निमूटपणे फोन केला. पलीकडून स्वच्छ, ठाम आवाज आला. "उद्या चार वाजता या. सव्वापाचला मला दुसरं काम आहे."

गिरगाव, बुधवार

गिरगावातल्या रस्त्यांवर मला एक गोष्ट जाणवली. माणसं घाईत चालतात, पण पत्ता विचारला की थांबतात आणि नुसतं बोट न दाखवता कोपऱ्यापर्यंत सोबत येतात. मला एका लोणच्या-पापडाच्या दुकानदाराने सोडलं. वाटेत म्हणाला, "विजयकरांकडे? लवकर भेटा. बिल्डिंग रविवारी खाली होतेय. टॉवर येणार."

नलिनीताई चौऱ्याऐंशीच्या. पांढरे, बारीक कापलेले केस, इस्त्रीची सुती साडी. त्या स्वतःही डॉक्टर. रक्त-लघवी तपासण्याची स्वतःची प्रयोगशाळा त्यांनी याच गल्लीत चालवली होती. घरभर खोकी बांधून ठेवलेली आणि प्रत्येकावर चिठ्ठी: 'पुस्तकं, ठेवायची'. 'भांडी, द्यायची'. 'कागद, टाकायचे'.

मी माझं काम सांगितलं. मी थांबल्यावर म्हणाल्या, "म्हणजे तुम्हाला पगार नाही, पदवी नाही, त्या देशाशी काही संबंध नाही, आणि तरी तुम्ही आलात."

"संबंध आहे हो. खेळाडूंशी आहे."

"हं." त्या उठल्या आणि कोपऱ्यातल्या एका खोक्याजवळ गेल्या. 'टाकायचे' लिहिलेल्या खोक्यातून त्यांनी एक चपटा पत्र्याचा डबा काढला. आत आठ छोटी रिळं होती, तळहाताएवढी. त्यांच्या वेष्टणांवर डॉक्टरांच्या अक्षरात मराठीत लिहिलं होतं: 'बर्फ'. 'नदी'. 'माणसं'. 'घरमालकीण व मांजर'. एका रिळावर काहीच लिहिलेलं नव्हतं. फुटबॉल हा शब्द कुठेही नव्हता. पण डबा उघडताच नाकाला आंबट झणका लागला. जुनी फिल्म मरायला लागली, की तिला असा व्हिनेगरचा वास सुटतो, हे मी आमच्या गटात ऐकलेलं होतं.

"ताई, या खराब होतायत. लगेच काही केलं तर..."

"मी देणार आहे असं मी म्हटलेलं नाही." त्यांनी डबा मिटला. "या कधी कुणी पाहिल्या नाहीत. मीही नाही. तशाच जाऊ देत."

मी वाद घालणारी बाई आहे. पण त्यांचा हात डब्यावर असा ठेवलेला होता, की मी माझी पिशवी उचलली. मग त्याच म्हणाल्या, "तुम्ही लांबून आलात. खाऊन जा," आणि आतून भानोलं घेऊन आल्या. कोबी आणि कोळंबी घालून केलेलं, वरून खरपूस भाजलेलं, पाठारे प्रभूंच्या घरचं. आमच्या वऱ्हाडात कोळंबी म्हणजे नुसतं ऐकून माहीत. पहिला घास मी जपून घेतला, पुढचे जपले नाहीत. माझी बशी दोनदा भरली तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा थोडं हसू आलं.

निघताना मी त्या वर्तमानपत्रातल्या बातमीची प्रत टेबलावर ठेवली. "यात डॉक्टरांचं नाव आहे. तुमच्याकडे असू द्या."

सव्वापाच झाले होते. दार बंद झालं.

गिरगाव, गुरुवार

सकाळी सातलाच फोन वाजला. "नलिनी विजयकर. आत्ता येऊ शकाल?"

त्या दारातच उभ्या होत्या. बातमीची प्रत हातात. मला बसवलं आणि समोर स्वतः ताठ बसल्या.

"या बातमीवर तारीख आहे," त्या म्हणाल्या. "आमचं लग्न ठरलेलं होतं. हे तिकडे, मी इथे शिकत होते. दर आठवड्याला पत्र यायचं. मग या तारखेनंतर काही दिवसांतच पत्रं थांबली. पाच महिने एकही नाही. मग हे अचानक परत आले, हॉस्पिटलातली मुदत पुरी न करता. लग्न झालं, संसार चांगला झाला. पण ते पाच महिने काय झालं ते यांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. या फिल्म बघायला आणलेला प्रोजेक्टर पहिल्याच दिवशी बिघडला, तो यांनी कधी दुरुस्त केला नाही. मला वाटायचं..." त्या थांबल्या. "तुम्ही समजू शकता मला काय वाटायचं."

मी मान हलवली.

"न्या. पण जे असेल ते मला सांगायचं. त्यात कुणी बाई असेल तर तेही. या वयात मला न कळण्याचा कंटाळा आलाय."

लालबाग, गुरुवार ते शनिवार

एप्रिलचं ऊन. उन्हाने फिल्म आणखी बिघडेल, म्हणून मी एक शहाणपणा केला. गिरगावातच थर्मोकोलचा झाकणाचा नवा डबा घेतला, त्यात बर्फाच्या पिशव्या घातल्या, वर टॉवेल आणि वर रिळांचा डबा. टॅक्सीवाला आरशातून बघत होता. म्हणाला, "मॅडम, मछली है तो नीचे रखिए, पानी गिरेगा."

"मछली नाही है. सिनेमा है."

त्याने आरसा दुसरीकडे वळवला.

लालबागला मसाल्याच्या दुकानांसमोर उतरले आणि ओळीने सात शिंका आल्या. मिरच्या कांडण्याचे दिवस. वर्षाचा मसाला करायला बायका पिशव्या घेऊन रांगेत उभ्या. त्यांच्यातूनच वाट काढत चाळीच्या तळमजल्यावर परबांचं दार गाठलं. बाहत्तरीचा, सडसडीत माणूस, बनियन आणि अर्ध्या पँटमध्ये. वडील कोकणातून गिरणीत आलेले. हे गिरणीत न जाता पडद्यावर सिनेमा दाखवण्याच्या धंद्यात शिरले. गणपतीत गल्लीत पडदा बांधून सिनेमा दाखवायचे ते हेच.

डबा उघडून बर्फ पाहिल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. "बाय, फिल्म आणलीस का बांगडे? ओल लागली तर हिचा रंग निघून येईल." मग टॉवेल बाजूला करून बघितलं. "नशीब तुझं. आत पाणी गेलं नाय."

त्यांनी एकेक रीळ नाकाशी धरून हुंगलं, जसा डॉक्टर छातीला नळी लावतो तसं. आठातली दोन बाजूला ठेवली. "ही गेली. वडी झालीय नुसती." मग बाकीच्यांवरून हळूच बोट फिरवत म्हणाले, "ही आजारी आहेत, पण जीव आहे. मशीनवर धावडवली तर तुटतील. घाय करून चलाचा नाय."

त्यांनी स्वतःच एक जुगाड केलं होतं. शिलाई मशीनची मोटर एकदम हळू फिरते, फिल्म एका उजेडाच्या खिडकीसमोरून एकेक चित्राने पुढे सरकते, आणि प्रत्येक चित्रावर कॅमेरा 'टिक' वाजतो. चार मिनिटांच्या रिळाला तास-दीड तास. मध्ये फिल्म आकसलेली निघाली की थांबायचं, पट्टी लावायची, पुन्हा सुरू. मी शेजारी बसून टिकटिक ऐकत राहिले. दुपारी परबवहिनींनी घावणे आणि काळ्या वाटाण्याचं सांबारं वाढलं. घावण्याला जाळी बघून मी विचारलं, "हे ज्वारीचं का?" तर वहिनी पदरात तोंड लपवून हसल्या. "तांदळाचं गे बाय. तुमच्याकडे ज्वारीचे घावणे कोण करतं?"

जेवताना परबांनी विचारलं, "हा तुझा फुटबॉल म्हणजे नेमका कसा?" मी त्या पाच गड्यांबद्दल सांगितलं. ते घास तसाच धरून ऐकत होते. "म्हणजे कबड्डीतली साखळी," ते म्हणाले. "माझा थोरला भाऊ गिरणीच्या संघात साखळीला असायचा. चढाई करणाऱ्याचं नाव सगळ्यांना ठाऊक. साखळीवाल्याचं कुणाला?" तिथून पुढे ते माझं काम करत नव्हते, स्वतःचं करत होते.

पहिली चार रिळं निघाली आणि मी खट्टू झाले. डॉक्टरांना खेळातलं काहीच कळत नव्हतं, हे उघड होतं. त्यांनी बर्फ काढला होता. नदीवरचं धुकं काढलं होतं. सत्तरीची घरमालकीण मांजराला दूध पाजताना काढली होती. मैदानावर चाललेली एकही धाव नाही. शुक्रवारी संध्याकाळी प्रभादेवीला परतले तेव्हा कुंदाने चेहरा बघूनच चहा टाकला.

शनिवारी 'माणसं' लिहिलेलं रीळ लागलं. परबांनी चित्रं संगणकावर जोडून चालवली आणि मी खुर्चीतून उठले.

ते सगळं रीळ म्हणजे खेळाडूंचा बाक होता. डॉक्टर बाकावर बसायचे, म्हणून त्यांनी बाकच काढला. पायाला पट्टी बांधणारे, वाफाळता कप ओंजळीत धरलेले, एकमेकांच्या पाठीवर थापट्या मारणारे, बर्फाने पांढरे झालेले गडी. ज्यांची नावं आता कुणाच्या लक्षात नाहीत, तेच सगळे. कॅमेरा एकेका चेहऱ्यावर थांबत पुढे सरकला. शेवटी एक कृष्णवर्णीय, रुंद खांद्यांचा तरुण आला. छातीवर चौसष्ट नंबर. त्याने कॅमेऱ्याकडे बघून एक भुवई उडवली आणि हसला.

ओटिसच्या मुलीने पाठवलेला त्यांचा लग्नातला फोटो माझ्या मोबाइलमध्ये होता. मी तो पडद्याशेजारी धरला. परब चष्मा वर करून दोन्हीकडे बघत राहिले. "तोच," ते म्हणाले. "भुवई बघ ना. तोच."

मी तिथल्या तिथे चित्रं गटाला पाठवली. तिकडे सकाळ होती. तासाभरात यादीच्या संपादकांचं उत्तर आलं. आणखी दोन जणांनी पडताळून पाहिलं होतं, गणवेश त्याच हंगामाचा होता. ओटिसचं नाव यादीत चढलं. मी वहिनींना मिठी मारली. त्यांना काय झालं ते नीट कळलं नाही, पण त्यांनीही मला घट्ट धरलं.

मग ते काहीच न लिहिलेलं रीळ उरलं होतं. त्यात कॅमेरा थरथरत होता, म्हणजे तो डॉक्टरांच्या हातात नव्हता. बाकावरच्याच कुणीतरी उचलला असावा. दूर मैदानात बर्फावर एक खेळाडू पडलेला. लांब कोट घातलेला एक बारीक, सावळा तरुण त्याच्या डोक्याशी पालथा झोपलेला, दोन्ही हातांत त्याचं डोकं धरून. टोपीवाला एक जाड माणूस वरून हातवारे करत ओरडतोय. तो तरुण हलत नाही. टोपीवाला त्याचा खांदा ओढतो. तो हलत नाही. तिथेच रीळ संपलं.

आम्ही ते तीनदा पाहिलं. काय चाललंय ते कळलं नाही.

गिरगाव, रविवार

नलिनीताईंचं सामान दुपारीच टेम्पोतून शीवला, मुलाच्या घरी गेलं होतं. मुलगा तिकडे उतरवून घ्यायला थांबला होता. रिकाम्या खोलीत दोन गाद्यांच्या वळकट्या आणि एक स्टूल उरलं होतं. नलिनीताई एका वळकटीवर, मी दुसरीवर आणि स्टुलावर माझा लॅपटॉप. परबही आले होते, स्वच्छ पांढरा शर्ट घालून. ते खिडकीशी उभे राहिले.

मी त्यांना आधी सगळी सहा रिळं दाखवली. घरमालकीण आणि मांजर आल्यावर त्यांनी मला विचारलं, "एवढीच बाई?"

"एवढीच."

त्या हसल्या नाहीत. सुटकेचा सुस्काराही टाकला नाही. शेवटचं रीळ लागल्यावर मात्र त्या पुढे झुकल्या. "हे तेच आहेत. हा कोट मी पाहिलाय. काय करतायत?"

ठरल्याप्रमाणे साडेसहाला ओटिसच्या मुलीने त्यांना व्हिडिओ कॉलसाठी फोनसमोर बसवलं. तिकडे सकाळचे नऊ. खिडकीतून पडलेल्या उन्हात एक थकलेला, मोठ्या हाडापेराचा म्हातारा. नलिनीताईंनी इंग्रजीत नमस्कार केला आणि आपण कोण ते सांगितलं. ओटिस फोनच्या जवळ सरकले.

"तुम्ही ती गिरगावची मुलगी," ते म्हणाले.

नलिनीताईंनी माझा हात धरला.

मग ओटिसनी सांगितलं, हळूहळू, दम घेत. तिसऱ्या सामन्यात दोघा-तिघांखाली ते सापडले आणि मानेत काहीतरी कडकन वाजलं. पाय कळेनात. प्रशिक्षक ओरडत आला, उचला याला, खेळ थांबलाय. चौघे उचलायला वाकले. तेवढ्यात बाकावरचा बारीक डॉक्टर धावत आला, बर्फात पालथा पडला आणि दोन्ही हातांनी त्यांचं डोकं धरलं. कुणालाही हात लावू देईना. प्रशिक्षकाने त्याला शिव्या दिल्या, ओढलं. पाऊण तास तो तसाच पडून राहिला, रुग्णवाहिका येईपर्यंत. त्याचे हात निळे पडले होते.

"हॉस्पिटलमध्ये सांगितलं, मान जरा जरी हलली असती तरी मी पुन्हा चाललो नसतो. मी अकरा आठवडे पडून होतो. नंतर चाळीस वर्षं शाळेची बस चालवली, मॅडम."

"आणि हे?" नलिनीताईंचा आवाज अगदी लहान झाला होता.

"संघाचा मालक हॉस्पिटलच्या मंडळावर होता. डॉक्टरांना महिन्याच्या आत काढून टाकलं. पण ते गेले नाहीत. मी उभा राहीपर्यंत थांबले. एका खाणावळीत भांडी घासायचे आणि दुपारी येऊन माझे पाय चोळायचे. तुमच्याबद्दल बोलायचे. मी म्हणायचो, तिला पत्र लिही. तर म्हणायचे, काय लिहू, नोकरी गेली म्हणून? काही चांगलं सांगण्यासारखं झालं की लिहीन. मी चालायला लागलो त्या दिवशी म्हणाले, आता घरी जातो."

नलिनीताईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण बसल्या होत्या ताठच. खिडकीशी परबांनी तोंड बाहेर वळवलं.

"वेडा माणूस," त्या मराठीत पुटपुटल्या. "हेच लिहायचं होतं ना."

त्यांनी काय म्हटलं, ते मी ओटिसना सांगितलं. ते हसले, तीच भुवई उडवून. मग एकदम गंभीर झाले.

"मॅडम, मला एक विचारायचंय. साठ वर्षं कुणाला विचारता आलं नाही. त्या पाऊण तासात ते माझ्या कानाशी सारखं तुमच्या भाषेत काहीतरी म्हणत होते. मला वाटलं, प्रार्थना आहे. मी ती पाठ करून ठेवली. मुलांच्या आजारपणात म्हटली, बायको गेली तेव्हा म्हटली. ती कुठल्या देवाची आहे?"

"म्हणून दाखवा," नलिनीताई म्हणाल्या.

ओटिसनी डोळे मिटले. सावकाश, एकेक अक्षर जपून उचलत ते म्हणाले, "हा-लू न-को. मी आ-हे. हा-लू न-को. मी आ-हे."

खाली रस्त्यावर कुणीतरी हापूस विकत होतं, त्याची हाक ऐकू येत होती. नलिनीताईंनी पदराने चेहरा पुसला, लॅपटॉप स्वतःकडे ओढून घेतला आणि त्या थकलेल्या माणसाला प्रत्येक शब्दाचा अर्थ नीट समजावून सांगायला सुरुवात केली.